तापविलेल्या अतिसूक्ष्म सिलिकॉन कणांचे ऑक्सिडीभवन

चोपड्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि दक्षिणेस तापीचे पात्र. यांमधील भूमीचा बराचसा भाग नदीच्या गाळाने झाकलेला आहे. या परिसरातील जमिनीला जन्म देणाऱ्या बेसाल्ट खडकात वजनाने सुमारे निम्मा भाग सिलिकेचा असतो. याच जिल्ह्यातील सावदा येथील खाणींत मिळणारी स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट ही देखणी खनिजे सिलिकेटेच होत. अडावदजवळील उनपदेवासारख्या उष्ण झऱ्यांचे पाणी भूगर्भातून वर येताना थोडीफार सिलिका विरघळवून आणते. ज्वारीचा कडबा, उसाची पाने, भाताची तुसे यांत सिलिका साठलेली असते. आणि केळीच्या पानातील सिलिकेचे सूक्ष्म कण तर इतक्या वैशिष्ट्यपूर्ण आकाराचे असतात की त्यांवरून पुरातत्त्वज्ञ प्राचीन काळच्या केळीच्या लागवडीचा माग काढतात. खानदेशात सिलिकॉन अशा प्रकारे पायाखाली, पाण्यात व पिकांत सर्वत्र आहे. परंतु मूलद्रव्याच्या स्वरूपात तो कोठेही नाही. जेथे जेथे तो आहे तेथे तेथे ऑक्सिजनशी बद्ध आहे.

याचे कारण उघड आहे. एक मोल सिलिकॉनचे सिलिकेत रूपांतर होताना सुमारे ९११ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे दर ग्रॅम सिलिकॉनमागे ३२ किलोज्यूलांहून अधिक. एवढ्या प्रबळ ओढीचे मूलद्रव्य हवेत टिकते तरी कसे, हाच खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर असे की ऑक्सिडीभवनातून निर्माण होणारे सिलिकेचे आवरणच पुढील ऑक्सिडीभवनास अटकाव करते. कण अतिसूक्ष्म, म्हणजे काही नॅनोमीटर व्यासाचे झाले व ते तापविले, की या आवरणाचे कार्य कसे चालते, कोठे अपुरे पडते आणि कोठे अपेक्षेहून अधिक परिणामकारक ठरते, याचा येथे विचार करावयाचा आहे. तत्पूर्वी शब्दांचा एक घोळ दूर करणे अगत्याचे आहे. सिलिकॉन हे मूलद्रव्य, सिलिका हा त्याचा डाय-ऑक्साइड, आणि सिलिकोन ही कार्बनी गट असलेली बहुवारिके. प्रबंधांतून ‘सिलिकॉनचे नॅनोकण’ असे शीर्षक असावे व आत वर्णिलेला पदार्थ शुद्ध सिलिका असावा, असे प्रकार विरळा नाहीत. लेखनातील ही चूक पुष्कळदा भट्टीतील चुकीतून जन्मास येते, हे पुढे दिसून येईल.

शेतातील टाकाऊ मालापासून सिलिकॉन मिळविण्याची रीत आता महाविद्यालयीन प्रयोगशाळांतूनही अवलंबिली जाते. भाताच्या तुसांच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. उसाच्या चिपाडांच्या राखेत हे प्रमाण जमिनीनुसार व जाळण्याच्या पद्धतीनुसार पुष्कळ बदलते. आम्लाने धुतलेली ही राख मॅग्नेशियमच्या भुकटीबरोबर निष्क्रिय वायूत सुमारे ६५०° से. ला तापविली असता मॅग्नेशियम सिलिकेतील ऑक्सिजन हिरावून घेते आणि सिलिकॉन मुक्त होतो. विक्रिया इतकी उष्णतादायी आहे की मिश्रणात साधे मीठ मिसळून उष्णता शोषून घेतली नाही, तर तयार होणारे सूक्ष्म कण वितळून एकमेकांस चिकटतात आणि सूक्ष्मतेवर पाणी पडते. नंतर मॅग्नेशियम ऑक्साइड हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन काढावयाचा असतो. येथे एक धोका आहे आणि त्याचा उल्लेख कृतीच्या टिपणांत सहसा आढळत नाही. मॅग्नेशियम अधिक पडले असल्यास मॅग्नेशियम सिलिसाइड तयार होते व त्यावर आम्ल पडताच सिलेन वायू सुटतो. तो हवेशी संपर्क येताच आपोआप पेट घेतो. म्हणून हे धुणे धूरकपाटात, आम्ल थेंबाथेंबाने घालून व निष्क्रिय वायूच्या प्रवाहाखाली करणे आवश्यक आहे. उरलेली सिलिका काढण्यासाठी वापरले जाणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल तर याहूनही घातक. ते त्वचेतून आत शिरून रक्तातील कॅल्शियम बांधून टाकते, आणि त्यावरील कॅल्शियम ग्लुकोनेटचा मलम हाताशी असल्यावाचून त्या बाटलीचे बूच उघडू नये.

एवढ्या खटाटोपाने ऑक्सिजनपासून सोडविलेला सिलिकॉन पुन्हा ऑक्सिजनकडे किती सहज जातो, हे कणाच्या आकारावर अवलंबून आहे. सिलिकॉनच्या स्फटिकात दर घन नॅनोमीटरमध्ये ५० अणू असतात. त्यावरून ५ नॅनोमीटर व्यासाच्या कणात सुमारे ३,३०० अणू भरतात आणि बाहेरचा थर पाव नॅनोमीटर जाडीचा धरल्यास त्यांतील चतुर्थांशाहून अधिक अणू पृष्ठभागावरच असतात. अशा कणांच्या एक ग्रॅम भुकटीचे पृष्ठफळ ५०० चौरस मीटरांच्या वर जाते. ५० नॅनोमीटरच्या कणांसाठी तेच सुमारे ५० चौरस मीटर असते. ठोकळ्यातील सिलिकॉनचा पृष्ठभाग हा त्याचा नगण्य अंश असतो. अतिसूक्ष्म कण मात्र जवळजवळ पृष्ठभागच असतो म्हणावयास हरकत नाही.

तापविण्यापूर्वीच या पृष्ठभागावर पुष्कळ काही घडलेले असते. हायड्रोफ्लुओरिक आम्लातून काढलेल्या सिलिकॉनवर हायड्रोजनचे अणू जोडलेले असतात व ते काही काळ संरक्षण करतात. मोरिता व ओहमी प्रभृती जपानी संशोधकांनी १९९० साली दाखवून दिले की सामान्य तापमानास हा नैसर्गिक ऑक्साइड वाढण्यासाठी ऑक्सिजन व पाणी या दोहोंची एकत्र उपस्थिती लागते. कोरड्या ऑक्सिजनात किंवा ऑक्सिजनविरहित शुद्ध पाण्यात त्याची वाढ अत्यल्प असते. खानदेशातील प्रयोगकर्त्यास हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वैशाखातील कडक परंतु कोरडे ऊन बाटलीतील सिलिकॉनला जितके बाधत नाही, तितकी श्रावणातील दमट हवा बाधते. उन्हाळ्यात तयार केलेला व पावसाळ्यात मोजलेला नमुना एकच आहे असे गृहीत धरून काढलेले निष्कर्ष संशयास्पद ठरतात. सपाट पृष्ठभागावर हा थर एक-दोन नॅनोमीटरपर्यंत पोहोचून जवळजवळ थांबतो. परंतु १० नॅनोमीटर व्यासाच्या कणावर दीड नॅनोमीटरचा थर बसला, तर त्याच्या घनफळाचा अवघा ३४ टक्के भागच सिलिकॉन उरतो.

आता भट्टीकडे वळू. सपाट सिलिकॉनच्या औष्णिक ऑक्सिडीभवनाचे मूलभूत विवेचन ब्रूस डील व अँड्र्यू ग्रोव्ह यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. ऑक्सिजनचा रेणू प्रथम ऑक्साइडाच्या पृष्ठभागात विरघळतो, मग थरातून विसरण पावत सिलिकॉनच्या सीमेपर्यंत पोहोचतो आणि तेथे विक्रिया करतो. नवा ऑक्साइड बाहेरच्या बाजूस न साचता आतल्या सीमेवर निर्माण होतो, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाचा कणा आहे. थराची जाडी क्ष व काळ ट मानल्यास

क्ष² + अक्ष = ब(ट + ट₀)

असा संबंध मिळतो. येथे ट₀ हे आरंभी असलेल्या थराबद्दलचे पद होय. थर पातळ असताना सीमेवरील विक्रियेचा वेग निर्णायक ठरतो व जाडी काळाच्या समप्रमाणात वाढते. थर जाड झाला की विसरण निर्णायक ठरते आणि जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढू लागते. कोरड्या ऑक्सिजनात पहिल्या अवस्थेची सक्रियण ऊर्जा मोलास सुमारे १९३ किलोज्यूल आहे. ती सिलिकॉन–सिलिकॉन बंध तोडण्याच्या ऊर्जेच्या जवळपास येते. दुसऱ्या अवस्थेची सुमारे ११९ किलोज्यूल असून ती सिलिकेतील ऑक्सिजनच्या विसरणाशी जुळते. वाफ असल्यास वेग अनेक पटींनी वाढतो. कारण १,०००° से. ला सिलिकेत पाण्याची विद्राव्यता ऑक्सिजनच्या सुमारे सहाशेपट आहे. मात्र कोरड्या ऑक्सिजनात पहिल्या ३० नॅनोमीटरांपर्यंत प्रत्यक्ष वाढ या सूत्राहून जलद होते, हे डील व ग्रोव्ह यांनाच आढळले होते आणि सूत्रातील ट₀ त्याचीच तडजोड आहे. अतिसूक्ष्म कणांचा सारा इतिहास नेमका या ३० नॅनोमीटरांत सामावलेला असल्याने सूत्र डोळे मिटून वापरणे धोक्याचे आहे.

तरीही अंदाजासाठी ते उपयोगी पडते. १,०००° से. ला कोरड्या ऑक्सिजनात एका तासात सपाट सिलिकॉनवर सुमारे ७० नॅनोमीटर ऑक्साइड चढतो. ऑक्साइडाच्या दर एकक जाडीमागे ०·४४ एकक सिलिकॉन खर्ची पडतो, म्हणजे ३१ नॅनोमीटर. ५० नॅनोमीटर व्यासाच्या कणाची त्रिज्या अवघी २५ नॅनोमीटर. तेव्हा असा कण तासाच्या आतच नाहीसा व्हावयास हवा. शिवाय कण गोल असल्याने विसरण पावणारा ऑक्सिजन आतील लहान पृष्ठभागाकडे एकवटतो. त्यामुळे निव्वळ भूमितीचा विचार केल्यास गोल कणाचे ऑक्सिडीभवन सपाट पृष्ठभागापेक्षा जलदच असावयास हवे.

प्रत्यक्षात, तापमान फार उच्च नसेल तर, नेमके उलट घडते. स्टॅनफर्ड येथे काओ, मॅकव्हिटी, निक्स व कृष्ण सारस्वत यांनी सिलिकॉनचे वक्र पृष्ठभाग तयार करून १९८७ व १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या कार्यात दाखविले की वक्र पृष्ठभागावर ऑक्साइड सपाट भागाच्या मानाने पातळ वाढतो, आणि तापमान जितके कमी तितका हा फरक ठळक होतो. ओकादा व ईजीमा यांनी सिलिकॉनच्या सूक्ष्म कणांच्याच ऑक्सिडीभवनाचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध केला. पुढे १९९४ मध्ये ल्यू व त्याच्या सहकाऱ्यांनी याच गुणाचा उपयोग करून ५ नॅनोमीटरहूनही बारीक सिलिकॉनच्या तारा ऑक्साइडाच्या आवरणात मिळविल्या. ठरावीक मर्यादेनंतर आतील गाभा पुढे ऑक्सिडीभूत होण्याचे जणू नाकारतो.

याची मीमांसा घनफळावरून होते. एका घनफळाच्या सिलिकॉनपासून सुमारे सव्वादोन घनफळे सिलिका होते. सपाट पृष्ठभागावर हा वाढीव भाग जुन्या थराला सरळ वर उचलतो. त्यात कोणाचा अडथळा नसतो. गोल कणावर मात्र आतून निर्माण झालेला नवा थर जुन्या थराला बाहेर ढकलतो तेव्हा त्या जुन्या थराला अधिक मोठ्या परिघावर ताणून बसावे लागते. लोहार चाकावर लोखंडी धाव तापवून चढवितो, ती गार होताना आवळते व लाकडास दाबते. येथे धाव आकुंचन पावत नसून आतले चाकच फुगू पाहते, एवढाच भेद. परिणामी बाहेरच्या ऑक्साइडात ताण व सिलिकॉनच्या सीमेवर दाब निर्माण होतो. या दाबाविरुद्ध नवा ऑक्साइड बनविण्यास अधिक कार्य करावे लागते. म्हणून सीमेवरील विक्रिया मंदावते. दाबाखालील दाट थरातून ऑक्सिजनचे विसरणही मंदावते असे मानले जाते. या दोहोंपैकी प्रधान कोणते, याबाबत संशोधकांत एकमत नाही. सिलिकेच्या आवरणातील दाब प्रत्यक्ष मोजणे अवघड असल्यामुळे हा वाद पुष्कळसा गणिती प्रतिमानांवरच चालला आहे.

हा दाब टिकतो की विरतो हे तापमान ठरविते. सिलिका ही काच आहे; तिची श्यानता तापमानाबरोबर झपाट्याने घटते. सुमारे ९५०° से. च्या वर ती मंदगतीने वाहू लागते, दाब मोकळा होतो आणि थांबलेले ऑक्सिडीभवन पुन्हा सुरू होते. म्हणून ८५०° से. ला दहा तास तापवूनही ज्याचा गाभा शिल्लक राहतो असा कण १,०५०° से. ला अल्पकाळात पूर्ण पांढरा होऊ शकतो. केवळ सक्रियण ऊर्जेच्या हिशेबाने हा फरक उलगडत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो बहुधा औष्णिक भारमापनाद्वारे. यंत्रात भुकटी घालावयाची, हवेच्या प्रवाहात ठरावीक गतीने तापवावयाची आणि वजनाचा आलेख काढावयाचा. सर्वसाधारणपणे आलेख प्रथम किंचित खाली येतो. ही ओल निघून जाण्याची खूण. पृष्ठभागावर हायड्रोजन असल्यास तो ३५०° ते ५००° से. च्या दरम्यान सुटतो, परंतु त्याचे वजन अल्प असल्याने ते पुष्कळदा दृष्टीस पडत नाही. नंतर वजन वेगाने वाढते, मग वाढ मंदावून आलेख जवळजवळ आडवा होतो आणि १,०००° से. च्या आसपास पुन्हा उचल घेतो. मधल्या आडव्या भागास ‘ऑक्सिडीभवन पूर्ण झाले’ असे समजणे ही नेहमीची चूक होय. तेथे ऑक्सिडीभवन पूर्ण झालेले नसून आवरणाच्या दाबाखाली अडलेले असते.

पूर्णतेची खरी कसोटी वजनाच्या हिशेबात आहे. शुद्ध सिलिकॉनचे पूर्णपणे सिलिकेत रूपांतर झाल्यास वजन ११४ टक्क्यांनी वाढते. परंतु नमुन्यावर आधीच ऑक्साइड असेल तर एवढी वाढ कधीच मिळणार नाही. समजा, कणाचा बाह्य व्यास ५० नॅनोमीटर असून त्यावर १·५ नॅनोमीटरचे आवरण आहे. गाभ्याचा व्यास ४७ नॅनोमीटर. सिलिकॉनची घनता २·३३ व सिलिकेची २·२ धरल्यास कणाच्या वजनापैकी १६ टक्के आधीच सिलिका आहे, आणि पूर्ण ऑक्सिडीभवनानंतरही वजन फक्त ९५ ते ९६ टक्क्यांनी वाढेल. बाह्य व्यास १० नॅनोमीटर असता हीच कमाल वाढ ४१ टक्क्यांच्या आसपास येते. तेव्हा ४० टक्के वाढ पाहून ‘एकतृतीयांश सिलिकॉनचेच ऑक्सिडीभवन झाले’ असे लिहिणारा आणि तेवढीच वाढ पाहून ‘सर्वच झाले’ असे लिहिणारा, दोघेही आवरणाची मूळ जाडी सांगितल्यावाचून बरोबर किंवा चूक ठरविता येत नाहीत.

त्यात भुकटीतील सर्व कण एका मापाचे नसतात. १०० नॅनोमीटर व्यासाचा एक कण १० नॅनोमीटर व्यासाच्या हजार कणांएवढ्या वजनाचा असतो. म्हणून वजनाचा आलेख मुख्यतः मोठ्या कणांची हकीकत सांगतो, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मोजले जातात ते बहुसंख्य लहान कण. असे असता संपूर्ण आलेखावरून एकच सक्रियण ऊर्जा काढून ती दोन दशांश स्थळांपर्यंत देण्याची प्रथा पाहून आश्चर्य वाटते. विक्रियेची अवस्था जेथे तीनदा बदलते तेथे त्या एका संख्येस भौतिक अर्थ उरत नाही. मुशीतील भुकटीचा थर जाड असल्यास आणखी एक दोष शिरतो: वरचा थर पेटल्यासारखा तापून घट्ट होतो व खालच्या कणांना ऑक्सिजन मिळेनासा होतो. शिवाय, हवेत १,२००° से. च्या वर गेल्यास ऑक्सिजनाला मुकलेला सिलिकॉन नायट्रोजनशीही संयोग पावतो. त्याचे नायट्राइड झाल्यास वजनवाढ साडेसहासष्ट टक्के असते. वजनकाटा हे भेद ओळखत नाही.

क्ष-किरण विवर्तनाविषयीही सावधगिरी हवी. तांब्याच्या प्रारणाने घेतलेल्या आलेखात २८·४, ४७·३ व ५६·१ अंशांवर सिलिकॉनची शिखरे स्वच्छ दिसली की नमुना शुद्ध सिलिकॉनचा आहे असा समज होतो. वस्तुतः कणावरील सिलिका अस्फटिकी असते. ती २२ अंशांच्या आसपास एका पसरट उंचवट्याच्या रूपाने, तीही पुरेशा प्रमाणात असेल तरच, दिसते. वजनाने पाचवा हिस्सा सिलिका असलेला नमुना अशा आलेखात निर्दोष भासू शकतो. अवरक्त वर्णपटात १,०८० च्या सुमारास येणारा सिलिकॉन–ऑक्सिजन बंधाचा पट्टा येथे अधिक प्रामाणिक साक्ष देतो. २,१०० च्या जवळचा सिलिकॉन–हायड्रोजन बंधाचा पट्टा सरकून २,२५० कडे गेला, तर हायड्रोजन जागच्या जागी असतानाच त्याच्या मागील बंधांत ऑक्सिजन घुसला आहे, असे निश्चितपणे सांगता येते. क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटात मूलद्रव्य सिलिकॉन ९९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या किंचित वर व सिलिका १०३ च्या किंचित वर दिसते; दोहोंच्या तीव्रतेवरून आवरणाची जाडी काढता येते. ही सोय जवळ नसली तरी डोळ्यांना दिसणारा रंगही काही सांगतो. बारीक सिलिकॉनची भुकटी तपकिरी किंवा पिवळसर तपकिरी असते, व ऑक्सिडीभवन जसजसे पुढे जाते तसतशी ती फिकट होत पांढरी पडते.

ऑक्सिजन अत्यंत कमी असताना प्रकार अगदी निराळा होतो. कार्ल वाग्नर यांनी १९५८ साली दाखविले की उच्च तापमानास ऑक्सिजनचा दाब एका मर्यादेखाली गेला की संरक्षक सिलिका बनण्याऐवजी सिलिकॉन मोनॉक्साइड वायुरूपाने निघून जातो व सिलिकॉन उघडाच राहून झिजत जातो. आधीचे आवरणही गाभ्यातील सिलिकॉनशी संयोग पावून याच वायूच्या रूपाने नाहीसे होते. ‘निष्क्रिय’ म्हणून वापरलेल्या आर्गॉनमध्ये कण तापवून वजन वाढण्याऐवजी घटलेले आढळले, आणि नळीच्या थंड भागात तपकिरी लेप दिसला, तर यंत्रातील दोष शोधण्यापूर्वी हा खुलासा आठवावा.

हे सारे कशासाठी, तर गाभा किती उरला यावर पदार्थाचा उपयोग अवलंबून असतो म्हणून. १९९० साली ली कॅनहॅम यांनी सच्छिद्र सिलिकॉन सामान्य तापमानास दृश्य प्रकाश देतो असे दाखविल्यापासून सावकाश ऑक्सिडीभवनाने गाभा लहान करीत नेऊन प्रकाशाचा रंग लाल टोकाकडून निळ्या टोकाकडे सरकविण्याचे प्रयत्न झाले. मात्र वोल्किन, फोशे प्रभृतींनी १९९९ मध्ये दाखविले की गाभा तीन नॅनोमीटरहून लहान झाल्यावर पृष्ठभागावरील ऑक्सिजनमुळे निर्माण होणाऱ्या ऊर्जापातळ्या इलेक्ट्रॉनास अडकवून ठेवतात, व रंग नारिंगीपलीकडे फारसा सरकत नाही. लिथियमच्या विद्युत्‌घटात ग्रॅमला सुमारे ३,५८० मिलिअँपिअर-तास साठविण्याची सिलिकॉनची सैद्धांतिक क्षमता आहे. पण कणावरील सिलिका पहिल्याच भरणीत लिथियम कायमचे बांधून ठेवते. तुसांच्या वा चिपाडांच्या राखेपासून घटासाठी सिलिकॉन तयार करावयाचा असेल, तर धुतल्यानंतर तो हवेत उघड्या भट्टीत वाळविण्याची सवय प्रथम सोडावी लागेल. तो निर्वातात साठ-सत्तर अंशांवर वाळवून, कोरड्या निष्क्रिय वायूत बंद करून, बाटलीवर तयार केल्याची तारीख लिहून ठेवावी.